पुन्हा पाठवलेल्या पॅकेटची चौकशी

संगणक नेटवर्कविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पॅकेटच्या (नेटवर्कवरून जाणाऱ्या मजकुराच्या लहान तुकड्याच्या) पुनर्प्रेषणासंबंधीचे, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला सर्वजण रीट्रान्समिशन म्हणतात त्यासंबंधीचे, काही निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिल्या उत्तरातील काही गोष्टी पुढच्या उत्तरांत गृहीत धरल्या असल्याने ते आधी वाचावे.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील एक अंतर्गत प्रणाली दुपारच्या वेळी अतिशय संथ होते. वायरशार्कमध्ये, म्हणजे नेटवर्कवरील पॅकेटे टिपून दाखवणाऱ्या साधनात, पाहिले असता काळ्या पट्ट्यांवर ‘टीसीपी रीट्रान्समिशन’ अशा ओळींची रांग दिसते. सॉफ्टवेअर विभाग म्हणतो, दोष नेटवर्कचा आहे. नेटवर्क विभाग पिंग करून दाखवतो आणि म्हणतो, एकही पॅकेट गहाळ होत नाही. खरे कोणाचे मानावे आणि तपासाची सुरुवात कोठून करावी?

उत्तर : दोन्ही विभागांनी जे पाहिले ते खरे आहे, त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र घाईचे आहेत. टीसीपीमध्ये, म्हणजे मजकूर क्रमाने व खात्रीने पोहोचवण्याच्या नियमसंचात, पाठवणारा संगणक प्रत्येक बाइट अनुक्रमांकाने ओळखतो आणि पलीकडून त्याची पोच येण्याची वाट पाहतो. ठरलेल्या मुदतीत पोच आली नाही, तर तो पॅकेट पुन्हा पाठवतो. पुढची पॅकेटे पोहोचत असूनही पलीकडचा संगणक ‘मला अजून अमुक क्रमांकापासूनचा मजकूर हवा आहे’ असे सांगणारी तीच पोच आणखी तीनदा पाठवू लागला, तर मुदत संपण्याचीही वाट न पाहता तो पॅकेट पुन्हा रवाना करतो. दोन्ही प्रसंगी हा पाठवणाऱ्याचा अंदाज असतो. पॅकेट वाटेत गहाळ झाले, की ते पोहोचले पण पोच गहाळ झाली, की दोन्ही केवळ उशिरा आली, हे त्याला दिसत नसते. त्यामुळे वायरशार्कमधील त्या ओळीकडे पोलीस ठाण्यातील तक्रारीच्या नोंदीसारखे पाहावे. चोरी कोठे झाली, किंबहुना झाली की नाही, याचा तपास त्यानंतर सुरू होतो.

पिंगविषयी आधी सांगतो, कारण निम्मे वाद तेथेच अडकतात. पिंग दर सेकंदाला एक लहानसे पॅकेट पाठवते आणि त्याला उत्तर येते का ते पाहते. हजारात एक पॅकेट गहाळ होत असेल, तर शंभर वेळा पिंग करूनही एकही पॅकेट न हरवण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. शिवाय काही दोष एकेकटे पॅकेट पाठवल्यावर प्रकटच होत नाहीत. दोन उपकरणांपैकी एकाचे पोर्ट हाताने फुल डुप्लेक्सवर, म्हणजे पाठवणे व घेणे एकाच वेळी चालेल अशा रीतीवर, बसवलेले असेल आणि दुसरे स्वयंचलित वाटाघाटीवर सोडलेले असेल, तर दुसऱ्याला उत्तर न मिळाल्याने ते हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच दिशा, धरून बसते. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वाहतूक सुरू झाली की मगच टकरी होतात. पिंगच्या संथ प्रश्नोत्तरात त्या क्वचितच होतात. अशा जोडणीत हाफ डुप्लेक्स बाजूच्या पोर्टवर उशिरा झालेल्या टकरींची, म्हणजे लेट कोलिजनची, मोजणी वाढते आणि फुल डुप्लेक्स बाजूला सीआरसी त्रुटी, म्हणजे वाटेत खराब झालेल्या पॅकेटांच्या खुणा, दिसतात. हा दोष जुना झाला म्हणून संपला असे समजू नये. १०० मेगाबिटची जुनी उपकरणे जेथे अजून जोडलेली आहेत तेथे तो आजही भेटतो.

आता तुमच्या वायरशार्कच्या नोंदीकडे येतो. तिच्यातील पुनर्प्रेषणे खरी आहेत का, हे प्रथम ठरवावे. स्विचवरील मिरर पोर्टवरून, म्हणजे इतर पोर्टांवरील वाहतुकीची प्रत देणाऱ्या पोर्टवरून, नोंद घेतली असेल आणि तो पोर्ट आत येणारी व बाहेर जाणारी अशी दोन्ही वाहतूक अनेक पोर्टांवरून उचलत असेल, तर एकच पॅकेट दोनदा नोंदले जाते आणि वायरशार्क दुसऱ्या प्रतीला पुनर्प्रेषण समजू शकते. हे ओळखणे सोपे आहे. दोन प्रतींचा आयपी ओळखक्रमांक एकच असेल आणि त्यांच्यात काही मायक्रोसेकंदांचेच अंतर असेल, तर ती नोंद घेतानाच तयार झालेली नक्कल आहे. लिनक्समध्ये मुदत संपून होणारे पुनर्प्रेषण सहसा २०० मिलिसेकंदांच्या आत होत नाही आणि पुनरुक्त पोचेवरून होणाऱ्या जलद पुनर्प्रेषणालाही किमान एक जाण्यायेण्याचा वेळ लागतोच. त्याचप्रमाणे पाठवणाऱ्याच संगणकावर घेतलेल्या नोंदीत चेकसम, म्हणजे मजकूर शाबूत आहे का हे तपासणारी बेरीज, चुकल्याच्या सूचना किंवा १५०० बाइटांहून कितीतरी मोठी पॅकेटे दिसली तर घाबरू नये. चेकसम काढण्याचे आणि मोठ्या तुकड्याचे लहान तुकडे करण्याचे काम नेटवर्क कार्डाकडे सोपवलेले असते आणि नोंद त्याच्या आधीच घेतली गेलेली असते.

पुनर्प्रेषणे खरी निघाली, तर दोन्ही टोकांना एकाच वेळी नोंद घ्यावी. याला पर्याय नाही असेच मी म्हणेन. एका टोकाच्या नोंदीवरून आठवडाभर चाललेले वाद दोन टोकांच्या नोंदींनी तासाभरात मिटलेले मी पाहिले आहेत. घड्याळे जुळलेली नसली तरी चालते, कारण पॅकेटांची ओळख अनुक्रमांकांवरून पटते. मध्ये एखादी फायरवॉल आरंभीचे अनुक्रमांक बदलत असेल, तर सापेक्ष अनुक्रमांक वापरावेत. पाठवणाऱ्याकडे पॅकेट दोनदा गेलेले दिसते आणि घेणाऱ्याकडे एकदाच आलेले दिसते, तर मूळ प्रत वाटेत गेली. घेणाऱ्याकडे दोन्ही प्रती आल्या असतील, तर मूळ पॅकेट सुखरूप होते. त्याची पोच परतीच्या वाटेवर हरवली किंवा उशिरा आली. परतीची वाट जाण्याच्या वाटेहून वेगळी असू शकते, हे येथे विसरता कामा नये. तिसरी शक्यता अशी, की घेणाऱ्या संगणकापर्यंत पॅकेट पोहोचते, परंतु त्याच्या नेटवर्क कार्डाची रांग भरलेली असल्याने कार्डच ते टाकून देते. असे पॅकेट त्या संगणकावरील नोंदीतही येत नाही आणि दोष विनाकारण नेटवर्कवर जातो. म्हणून लिनक्सवर ईथटूल या आज्ञेने कार्डाचे स्वतःचे आकडे पाहावेत आणि नोंद घेणाऱ्या साधनाने शेवटी ‘इतकी पॅकेटे सुटली’ असे सांगितले असेल, तर तेही वाचावे.

मूळ प्रत वाटेत जाते हे निश्चित झाल्यावर वाटेच्या मध्यावर तिसरी नोंद घ्यावी आणि प्रत्येक वेळी संशयित भाग निम्मा करत जावे. त्याच वेळी वाटेवरील प्रत्येक पोर्टचे आकडे पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा लिहून घ्यावेत. एकूण आकडा निरर्थक असतो, कारण तो दोन वर्षांपूर्वी कोणी केबल ओढली तेव्हाचाही असू शकतो; पाच मिनिटांत किती वाढ झाली ते महत्त्वाचे. सीआरसी त्रुटी वाढत असतील तर केबल, जोडणीचा कनेक्टर, प्रकाशतंतूचे मळलेले टोक किंवा ट्रान्सीव्हर यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे. बाहेर जाणारी पॅकेटे टाकून दिल्याचा आकडा वाढत असेल, तर तार शाबूत आहे आणि रांग अपुरी पडते आहे. एक सावधगिरी बाळगावी. काही स्विच पॅकेट पूर्ण येण्याआधीच पुढे ढकलू लागतात. असा स्विच खराब झालेले पॅकेटही पुढे पाठवतो आणि सीआरसी त्रुटी मूळ दोषापासून दोन-तीन स्विच पुढेही मोजल्या जातात. तेव्हा त्रुटी दिसणाऱ्या पहिल्या पोर्टपाशी न थांबता प्रवाहाच्या उगमाकडे चालत जावे.

आणि हे सर्व करण्याआधी साधा प्रश्न विचारावा : प्रणाली जेव्हा संथ होते, तेव्हाच पुनर्प्रेषणे होतात का? सर्व्हरला विनंती पोहोचल्याची पोच तत्काळ येते, पण उत्तराचे पहिले पॅकेट चार सेकंदांनी निघते असे नोंदीत दिसले, तर ते चार सेकंद सर्व्हरच्या आतल्या कामाचे आहेत आणि आसपासची पाच-दहा पुनर्प्रेषणे केवळ योगायोगाने हजर आहेत.

प्रश्न : पुनर्प्रेषणाचे प्रमाण किती टक्क्यांपर्यंत चालते? आणि लिनक्समधील २०० मिलिसेकंदांची किमान मुदत कमी केल्यास वेग वाढेल का?

उत्तर : सर्वांना लागू पडेल असा टक्का नाही, कारण नुकसान किती होईल हे पॅकेटला जाऊन येण्यास लागणाऱ्या वेळावरही अवलंबून असते. टीसीपीची जुनी रेनो पद्धत वापरणाऱ्या जोडणीचा वेग साधारणपणे पॅकेटच्या आकारमानाच्या सम प्रमाणात आणि जाण्यायेण्याचा वेळ व गहाळ होण्याच्या प्रमाणाचे वर्गमूळ यांच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे सूत्र १९९७ पासून ज्ञात आहे. हजारात एक पॅकेट गहाळ होते, पॅकेटमध्ये १४६० बाइट मजकूर आहे आणि जाण्यायेण्यास ५० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर तार गिगाबिटची असली तरी एका जोडणीचा वेग सुमारे ९ मेगाबिटच्या आसपास अडकतो. तेच गहाळ होण्याचे प्रमाण एका इमारतीच्या आत, जाण्यायेण्याचा वेळ १ मिलिसेकंद असताना, सुमारे ४५० मेगाबिटपर्यंत वेग देते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आज लिनक्समध्ये सर्रास वापरली जाणारी क्युबिक पद्धत लांबच्या वेगवान मार्गांवर यापेक्षा बरी वागते आणि गूगलने २०१६ मध्ये मांडलेली बीबीआर पद्धत गहाळ पॅकेटाला वेग घटवण्याचे मुख्य कारण मानत नाही. तरीही सूत्राचा कल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्रमाण काढायचे असेल, तर नेटस्टॅट या आज्ञेने दिसणाऱ्या, पुन्हा पाठवलेल्या सेगमेंटांच्या (टीसीपीच्या तुकड्यांच्या) संख्येतील वाढीला पाठवलेल्या एकूण सेगमेंटांच्या वाढीने भागावे आणि तुमच्या स्वतःच्या नेटवर्कच्या चांगल्या दिवसाशी त्याची तुलना करावी.

मुदतीविषयी मात्र मी सावध राहण्यास सांगेन. घेणारा संगणक पोच थोडी रोखून धरतो, म्हणजे दोन पॅकेटांची पोच एकदम देता येईल. लिनक्समध्ये हा विलंब ४० मिलिसेकंदांपासून आणि विंडोजमध्ये २०० मिलिसेकंदांपर्यंत असू शकतो. मुदत त्याहून आखूड केली, तर सुखरूप पोहोचलेली पॅकेटेही पुन्हा पाठवली जातील. अतिउत्साही पुनर्प्रेषणाचे टोक १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये दिसले होते. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कलेचे विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचे अंतर होते; तेथला प्रत्यक्ष वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला, कारण गर्दीने अडलेली पॅकेटे संगणक पुन्हा पुन्हा ढकलत होते आणि गर्दी वाढवत होते. व्हॅन जेकबसन यांनी त्यानंतर सुचवलेल्या उपायांवर आजचे टीसीपी उभे आहे. एकाच डेटा सेंटरच्या आत, जेथे जाण्यायेण्याचा वेळ मिलिसेकंदाहूनही कमी आहे आणि दोन्ही टोके तुमच्या ताब्यात आहेत, तेथे त्या विशिष्ट मार्गापुरती मुदत कमी करण्यात अर्थ आहे. इतरत्र ती जशी आहे तशी राहू द्यावी.

प्रश्न : घरून व्हीपीएनद्वारे काम करताना लॉगिनचे पान उघडते, लहान संदेश जातात, पण मोठी फाइल किंवा भरगच्च अहवाल उघडताच सर्व काही गोठते. पिंग व्यवस्थित चालते. नोंदीत एकच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवलेले दिसते.

उत्तर : लक्षणे इतकी स्पष्ट आहेत की मी कमाल पॅकेट आकारापासून, म्हणजे एमटीयूपासून, सुरुवात करेन. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटांपर्यंत असू शकते. व्हीपीएन त्यावर स्वतःची वेष्टने चढवते, पीपीपीओई ही काही ब्रॉडबँड जोडण्यांतील पद्धत असेल तर आणखी ८ बाइट जातात आणि आतल्या पॅकेटला जागा कमी उरते. ‘तुकडे करू नका’ असा शिक्का असलेले मोठे पॅकेट वाटेतल्या राउटरला पुढे पाठवता आले नाही, तर त्याने ते टाकून पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा, म्हणजे नेटवर्कच्या अडचणी कळवणाऱ्या नियमसंचाचा, संदेश, प्रकार ३, संकेत ४, पाठवायचा असतो. त्यात पुढील वाटेवर मावणारा आकारही असतो. सुरक्षेच्या नावाखाली सरसकट आयसीएमपी अडवणारी एखादी फायरवॉल हा संदेश गिळून टाकते. मग पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि तो तेच मोठे पॅकेट दुप्पट होत जाणाऱ्या अंतराने पाठवत राहतो. जोडणी जुळवण्याची सुरुवातीची पॅकेटे लहान असल्यामुळे ती निर्धोक पार होतात, म्हणूनच लॉगिन होते. आपल्याच नोंदीत एक सुंदर पुरावा सापडण्याची शक्यता आहे : उत्तराचा शेवटचा, उरलासुरला लहान तुकडा पोहोचलेला असतो आणि निवडक पोचेत, म्हणजे सॅकमध्ये, तो मिळाल्याचे नमूद असते, त्याच्या आधीचे पूर्ण आकाराचे तुकडे तेवढे गायब असतात.

खात्रीसाठी तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ बाइटांचे पिंग करावे. त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की १५०० होतात. उत्तर आले नाही, तर आकार कमी करत जावे आणि जेथून उत्तरे येऊ लागतात तो आकडा टिपून ठेवावा. साधे पिंग व्यवस्थित चालते ते त्याचे आकारमान किरकोळ असते म्हणून. योग्य उपाय म्हणजे तो आयसीएमपी संदेश जाऊ देणे. ती फायरवॉल तुमच्या अखत्यारीत नसेल, तर व्हीपीएनच्या टोकावर जोडणी जुळतानाच जाहीर होणारा सेगमेंटचा कमाल आकार, म्हणजे एमएसएस, कमी करून द्यावा. हा आकार मिळालेल्या एमटीयूतून ४० वजा करून येतो. हा तात्पुरता टेकू वर्षानुवर्षे चालतो हे खरे, पण तो फक्त टीसीपीला उपयोगी पडतो, इतर वाहतुकीला नाही. आयपीव्ही६ मध्ये तर वाटेतले राउटर तुकडे करतच नाहीत, त्यामुळे तेथे आयसीएमपी अडवणे हा सरळसरळ अपघाताला दिलेला परवानाच होय.

प्रश्न : आमच्या वेब सेवेला सहसा ५० मिलिसेकंदांत उत्तर मिळते, पण काही विनंत्यांना अगदी नेमके एक सेकंद, काहींना तीन सेकंद जास्त लागतात. मधले आकडे दिसतच नाहीत.

उत्तर : असे गोल आकडे हे टीसीपीचे हस्ताक्षर आहे. जोडणी मागणाऱ्या पहिल्या पॅकेटला, म्हणजे सिनला, उत्तर आले नाही, तर जाण्यायेण्याचा वेळ अजून माहीत नसल्याने एक सेकंदाची मुदत धरली जाते आणि प्रत्येक वेळी ती दुप्पट होते. त्यामुळे पुन्हा पाठवलेली सिन पॅकेटे पहिल्यापासून १, ३, ७ आणि १५ सेकंदांनी निघतात. आरंभीची मुदत तीन सेकंद धरणाऱ्या जुन्या प्रणालींत हेच आकडे ३, ९ आणि २१ असे येतात, आणि लिनक्सच्या अलीकडच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, पहिले काही पुनर्प्रयत्न एकेका सेकंदाच्या अंतरानेच होतात.

सर्व्हरवर नोंद घ्या. सिन पोहोचतच नसेल, तर वाटेत शोधा. माझा कौल मात्र दुसऱ्या शक्यतेला आहे : सिन पोहोचते आणि सर्व्हरच मौन पाळतो. जोडणी स्वीकारण्यासाठी थांबलेल्यांची रांग भरली की लिनक्स नवी सिन निमूटपणे टाकून देतो. नकार पाठवत नाही. नेटस्टॅटमध्ये रांग ओसंडल्याचा आकडा वाढताना दिसेल. ही रांग किती लांब असावी याची कर्नलमधील मर्यादा पूर्वी १२८ होती, ती २०१९ मधील ५.४ या आवृत्तीपासून ४०९६ झाली. परंतु सेवेच्या प्रोग्रामने स्वतः कमी आकडा मागितला असेल, तर दोहोंतील लहान आकडा लागू होतो, आणि पुष्कळजण कर्नलची मर्यादा वाढवून समाधानाने घरी जातात ते येथेच फसतात. रांग वारंवार भरत असेल, तर प्रोग्राम जोडण्या वेळेवर का उचलत नाही हा खरा प्रश्न आहे. सर्व्हर फार जुना असेल आणि एकाच नॅटमागून, म्हणजे अनेक संगणकांना एकच बाह्य पत्ता देणाऱ्या उपकरणामागून, येणाऱ्या अनेक ग्राहकांपैकी काहींच्याच सिन दुर्लक्षित होत असतील, तर टाइम-वेट, म्हणजे बंद होऊनही काही काळ राखून ठेवलेल्या, जोडण्या लवकर निकालात काढण्याची ‘टीडब्ल्यू रीसायकल’ ही सुविधा चालू नाही ना ते पाहावे. या उपद्रवामुळेच ती कर्नलच्या ४.१२ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली.

प्रश्न : देखरेखीच्या आलेखात स्विचच्या पोर्टचा वापर कधीही २० टक्क्यांवर जात नाही, तरीही बाहेर जाणारी पॅकेटे टाकून दिल्याचा आकडा वाढतो आणि पुनर्प्रेषणेही होतात. रिकाम्या रस्त्यावर कोंडी कशी होईल?

उत्तर : तुमचा आलेख पाच मिनिटांची सरासरी दाखवतो आणि स्विचची रांग मिलिसेकंदांत भरते. गिगाबिटच्या पोर्टमधून एका मिलिसेकंदात सुमारे १२५ किलोबाइट बाहेर पडतात. १० गिगाबिटच्या पोर्टवरून त्याच मिलिसेकंदात १२५० किलोबाइट आत आले आणि सगळ्यांना त्याच एका गिगाबिटच्या दारातून बाहेर पडायचे असेल, तर उरलेल्यांना स्विचच्या स्मृतीत थांबावे लागते. तेथे जागा नसेल तर ते टाकले जातात. पुढची सगळी मिनिटे रस्ता मोकळा असतो, म्हणून सरासरी निर्दोष दिसते. एका सर्व्हरने वीस साठवण यंत्रांना एकदम प्रश्न विचारला आणि वीसही उत्तरे एकाच क्षणी परतली, तरी हेच घडते. सेकंदाहून लहान अंतराने मोजण्याची सोय उपकरणात असेल तर ती वापरावी. नसेल तर गर्दीच्या पोर्टवर नोंद घेऊन वायरशार्कच्या आलेखाचे माप एक मिलिसेकंदावर आणावे, म्हणजे सपाट रेषेतून सुळके वर येतील.

उपाय म्हणून ‘रांग मोठी करा’ असे लगेच सुचवले जाते. थोड्या प्रमाणात ते बरोबर आहे, विशेषतः वेग बदलतो अशा पोर्टवर. पण अफाट रांगेत पॅकेटे हरवत नाहीत, नुसती सडत बसतात. जाण्यायेण्याचा वेळ वीस मिलिसेकंदांवरून सेकंदापर्यंत जातो आणि गर्दी झाल्याची सूचना टीसीपीला उशिरा मिळते. घरगुती राउटरांत या रोगाला बफरब्लोट म्हणतात आणि त्यावर एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळण्याची पद्धत उपयोगी पडते. माझी पसंती पाठवणाऱ्याच्या टोकाला पॅकेटे टप्प्याटप्प्याने सोडण्याला, तेथे वेगाची मर्यादा घालण्याला आणि शक्य असेल तर तो अरुंद पोर्टच रुंद करण्याला आहे.

प्रश्न : तेच दोन संगणक, तीच सेवा, परंतु चारांपैकी साधारण एक जोडणी रडतखडत चालते आणि उरलेल्या तीन सुरळीत. पुन्हा जोडले की कधी सुधारते, कधी नाही.

उत्तर : चारांतील एक हा आकडा बोलका आहे. दोन स्विचांमध्ये चार तारा एकत्र बांधलेल्या आहेत का ते पाहा. अशा जुडग्यात कोणती जोडणी कोणत्या तारेवरून जाईल हे पत्ते व पोर्टक्रमांक यांच्या गणितावरून ठरते आणि ती जोडणी संपेपर्यंत त्याच तारेवर राहते. एक तार सदोष असेल, तर तिच्या वाट्याला आलेल्या जोडण्या शेवटपर्यंत भोगतात, बाकीच्यांना कल्पनाही नसते. ठरावीक स्रोत पोर्ट देऊन आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने ओळीने वीस जोडण्या तपासाव्यात. वाईट चालणारे क्रमांक प्रत्येक वेळी तेच निघाले, तर शंका फिटली. जुडग्याचा एकत्रित आकडा पाहू नये, प्रत्येक तारेचे सीआरसी आकडे स्वतंत्रपणे पाहावेत. एमटीआर या वाटेवरील टप्पे तपासणाऱ्या साधनाने मधल्या टप्प्यावर नुकसान दाखवले आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य दाखवले, तर ते नुकसान खरे मानू नये. मधले राउटर स्वतःला आलेल्या चौकशीला उत्तरे देण्यात हात आखडता घेतात, एवढाच त्याचा अर्थ असतो.

प्रश्न : वायफायवर पुनर्प्रेषणे जास्त होणे स्वाभाविक समजावे का?

उत्तर : काही अंशी. वायफायमध्ये एकाच उपकरणाला उद्देशून पाठवलेल्या प्रत्येक फ्रेमची पोच हवेतच घेतली जाते आणि ती न मिळाल्यास वायफाय स्वतःच फ्रेम पुन्हा पाठवते. त्यामुळे हवेतला बिघाड टीसीपीला सहसा नुकसान म्हणून दिसत नाही, तो विलंबाच्या चढउताराच्या रूपात दिसतो. विलंब अचानक वाढला की टीसीपीची मुदत संपते, ते पॅकेट पुन्हा पाठवते आणि थोड्याच वेळात मूळ प्रतीची पोचही येते. घेणाऱ्याने ‘हे मला आधीच मिळाले होते’ असे डी-सॅकने कळवलेले नोंदीत दिसले, तर पुनर्प्रेषण अनावश्यक होते हे सिद्ध होते. मग टीसीपीची कळ दाबत बसण्याऐवजी वायफायच्या पुनर्प्रयत्नांची टक्केवारी, शेजारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटांची गर्दी आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ व ११ याखेरीज मधलाच कोणता चॅनेल तर निवडलेला नाही ना, एवढे पाहावे.

प्रश्न : रात्रभर पडून राहिलेल्या डेटाबेसच्या जोडणीवरून सकाळी पहिली विनंती पाठवली की प्रोग्राम सुमारे पंधरा मिनिटे अडकतो, मग चूक दाखवतो आणि पुन्हा जोडल्यावर दिवसभर उत्तम चालतो. डेटाबेस सर्व्हरवर काहीच नोंद नसते.

उत्तर : सर्व्हरवर नोंद नसणे स्वाभाविक आहे, कारण तुमची विनंती तेथे पोहोचलेलीच नाही. मधली फायरवॉल प्रत्येक चालू जोडणीची आठवण एका तक्त्यात ठेवते आणि ठरावीक काळ शांतता असेल तर ती नोंद पुसते. हा काळ अनेक ठिकाणी तासाभराचा असतो, काही ठिकाणी काही मिनिटांचाच. नोंद पुसताना दोन्ही टोकांना कळवले जात नाही. सकाळी पॅकेट येते, फायरवॉल त्याला ओळखत नाही आणि गुपचूप टाकून देते. लिनक्सवरील प्रोग्राम ते पॅकेट मूळ सेटिंगप्रमाणे पंधरा वेळा पुन्हा पाठवतो, अंतर दुप्पट करत दोन मिनिटांच्या कमाल मर्यादेपर्यंत नेतो, आणि हा सारा हिशेब किमान मुदतीपासून सुरू केल्यास सुमारे ९२४ सेकंदांवर, म्हणजे साडेपंधरा मिनिटांच्या थोडा आतच, जातो. तुमची पंधरा मिनिटे तीच.

टीसीपीमध्ये जोडणी जिवंत आहे का हे विचारणारी कीपअलाइव्हची सोय आहे, पण प्रोग्रामने ती मागावी लागते आणि मागितली तरी पहिली विचारणा मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी, होते. नॅट उपकरणांनी स्थापित जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटे जपावी, असे २००८ च्या आरएफसी ५३८२ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात सांगितले आहे ते याच दोन तासांना धरून. प्रत्यक्षात ते सर्वत्र पाळले जात नाही. म्हणून डेटाबेसच्या जोडणीवर कीपअलाइव्ह चालू करून तिचा काळ फायरवॉलच्या मुदतीच्या निम्म्याहून कमी ठेवावा. मुदत माहीत नसेल तर पाच मिनिटे हा सुरक्षित आरंभ आहे. जोडण्यांचा साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर पडून राहिलेली जोडणी वापरण्याआधी तपासण्याचा पर्याय त्यात चालू करावा. पोच न आल्यास किती वेळ थांबायचे ही मर्यादा प्रोग्रामला प्रत्येक जोडणीपुरती ठरवता येते, आणि डेटाबेससाठी तीस सेकंद पुरेसे होतात. पंधरा पुनर्प्रयत्नांचा आकडा संपूर्ण यंत्रासाठी कमी करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मग क्षणिक खंड पडला तरी त्या यंत्रावरील इतर निर्दोष जोडण्याही तुटू लागतील.